गज आधी, बोटं नंतर

पहिले तीन शनिवार आजोबांनी माझ्या लेकीला व्हायोलिनवर डावा हात वापरूच दिला नाही. "तो मांडीवर ठेव आणि नुसत्या मोकळ्या तारा वाजव," म्हणाले. एक लांब गज, दोन आखूड. पुन्हा एक लांब, दोन आखूड. गज दोन तारांवर एकदम, आणि पहिल्या आखूड गजावर मनगटाचा किंचित दाब. ते स्वतः समोर स्टुलावर बसून बुटाच्या टाचेनं लाकडी जमिनीवर ठेका धरायचे. तिसऱ्या शनिवारी वीसेक मिनिटांनी त्यांनी टाच थांबवली, तरी लेकीचा गज चालूच राहिला. तेव्हा म्हणाले, "आता या गजावर कुणी तरी नाचू शकेल. आता बोटं ठेव."

आम्ही घरात त्यांना 'फिडलवाले आजोबा' म्हणतो. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीतात त्याला तसं म्हणतात. वय ८१. त्यांच्या भागात सगळे त्यांना पहिल्या नावाच्या मागे 'मिस्टर' लावून हाक मारतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडे वडीलधाऱ्यांना तसंच हाकारतात. लेकही तसंच म्हणते, पण गाडीत बसली की तिचेही ते आजोबाच.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहतो. मी मूळची सांगलीची. सातव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत व्हायोलिन शिकले, मध्यमा पूर्ण केलं, मग इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, अमेरिका. माझं व्हायोलिन एकवीस वर्षं कपाटात होतं. लेक शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची, पण तिसऱ्या वर्षी तिचा जीव त्यातून उडाला. शेवटच्या रांगेत बसायचं, समोरचा कागद वाचायचा, पान उलटायचं. घरी आली की केस कोपऱ्यात. मला ते बघवत नव्हतं, आणि तिला रागवायचा मला अधिकारही वाटत नव्हता, कारण माझी केस तर कपाटात होती.

ऑफिसमधला एक सहकारी याच राज्यातल्या, अ‍ॅपलेशियन डोंगरांजवळच्या माउंट एअरी गावाकडचा. तो म्हणाला, एका शनिवारी सकाळी आमच्या गावी जा. डब्ल्यूपीएक्यू हे तिथलं रेडिओ स्टेशन १९४८ सालापासून डोंगरातलं संगीत लावतंय, आणि शनिवारी त्यांचा 'मेरी-गो-राऊंड' हा कार्यक्रम गावातल्या जुन्या अर्ल थिएटरमधून थेट प्रसारित होतो. त्याच्या आधी गावकरी गोल करून वाजवत बसतात. कुणीही जावं, बसावं.

केरीहून गाडीनं दोन-सव्वादोन तास लागतात. आम्ही गेलो तेव्हा दहा-बारा जण गोलात बसले होते. दोन फिडल, तीन बॅन्जो (डफासारख्या गोल अंगाचं, लांब दांड्याचं तंतुवाद्य), गिटारी, व्हायोलिनच्याच घाटाचा एक उंच, उभा बेस. बहुतेकांचे केस पांढरे. लेकीनं हट्टानं व्हायोलिन आणलं होतं, पण दाराशी पोचल्यावर ती माझ्या मागे लपली. चाल चालू होती, म्हणून कुणीच काही बोललं नाही. फक्त एका म्हाताऱ्या फिडलवाल्यानं वाजवता वाजवता पायानं एक रिकामी खुर्ची तिच्याकडे सरकवली. गज एकदाही चुकला नाही.

ती जाऊन बसली. तासभर तिनं व्हायोलिन मांडीवर ठेवून नुसतं ऐकलं. निघताना आजोबा तिला म्हणाले, "पुढच्या वेळी काढलंस तरी चालेल, नाही काढलंस तरी चालेल. खुर्ची आहे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही वाजवता ना? तुमची बोटं हलत होती."

महिन्यातून दोनदा त्यांच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली ती अशी. मी फीचं विचारलं तर ते जरा दुखावल्यासारखे झाले. गावाजवळच्या टोस्ट नावाच्या वस्तीत टॉमी जॅरल हे नावाजलेले फिडलवाले राहायचे. जन्म १९०१चा, आयुष्यभर राज्याच्या रस्तेखात्यात रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवला. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे देशभरातून पोरं फिडल आणि बॅन्जो शिकायला येऊ लागली, लांब केसांची, शहरातली, कॉलेज सोडलेली. जॅरल त्यांना जेवायला घालायचे, रात्री झोपायला जागा द्यायचे आणि वाजवत बसायचे. १९८२ साली अमेरिकेत लोककलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू झाला, त्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. आमचे आजोबा तरुणपणी त्या ओसरीवर बसलेले. "मी तिथे पैसे दिले नाहीत, तर इथे कसे घेऊ?" एवढंच म्हणाले. माझ्या गुरुजींनीही एका मुलाकडून कधी फी घेतली नव्हती, हे मला तेव्हा कितीतरी वर्षांनी आठवलं.

कंट्री संगीत म्हटलं की आपल्याकडे हॅट घातलेला गायक, मोठं स्टेज, कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल असं डोळ्यांपुढे येतं. त्याच्या मुळाशी हे आहे: घरात, अंगणात, नाचासाठी वाजवलेल्या चाली. इथे त्याला 'ओल्ड-टाइम' म्हणतात. १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रं घेऊन आला, डोंगरातल्या लोकांना बोलावून बारा-तेरा दिवसांत ७६ रेकॉर्डिंग केली, आणि त्यातून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीचे पहिले मोठे कलावंत जगापुढे आले. तिथून पुढे धंदा सुरू झाला. ओल्ड-टाइम त्याआधीचं. ब्लूग्रास हा त्यातून निघालेला प्रकार नंतरचा, १९४०च्या दशकातला. ब्लूग्रासमध्ये एकेक जण पुढे येऊन आपली करामत दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये सगळे एकच चाल एकत्र वाजवतात, पंधरा वेळा, वीस वेळा, आणि कुणी पुढे येत नाही. लेकीला हेच आवडलं. मला आधी कंटाळा आला. दहाव्या आवर्तनानंतर मात्र काहीतरी होतं. चाल आपण वाजवत नसतो, तिच्यात बसलेलो असतो. आमच्याकडे हरिपाठाला टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं की जे होतं त्याच्या जवळचं.

आता तारांचं सांगते, कारण तिथे मला घर सापडलं.

व्हायोलिनच्या चार तारा पाश्चात्त्य पद्धतीनं जी, डी, ए, ई अशा लावतात. चौथ्या शनिवारी आजोबांनी लेकीचं व्हायोलिन घेतलं आणि जाड तार जीवरून एवर, दुसरी डीवरून ईवर चढवली. झालं ए, ई, ए, ई. त्यांनी गज चारही तारांवरून ओढला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अहो, हे सा-प-सा-प!" ए म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. पांढरी सहाचा षड्ज, त्याचा पंचम, वरचा षड्ज, वरचा पंचम. मला गुरुजींनी प-सा-प-सा लावायला शिकवलं होतं, कर्नाटकी व्हायोलिनवाले सा-प-सा-प लावतात. आजोबांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, मग हळूच विचारलं, "मग न वाजवलेल्या ताराही तुमच्याकडे गुणगुणतात?" म्हटलं, हो. तेच तर हवं असतं. "आमच्याकडेही," म्हणाले.

बॅन्जोच्या पाचव्या तारेचंही तसंच. ती आखूड असते, तिची खुंटी दांड्याच्या मधोमध, आणि अंगठा तिच्यावर सतत एकच स्वर छेडत राहतो. सतारीच्या चिकारीसारखं. उजव्या हाताची नखं तारेवर खाली मारायची आणि अंगठा मागून येऊन ती आखूड तार उचलतो. या पद्धतीला 'क्लॉहॅमर' म्हणतात. गोलातल्या एका आजींचं मधल्या बोटाचं नख झिजून अर्धं झालं होतं. त्यांनी त्यावर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवला होता.

दुसरी गोष्ट 'ग'ची. लेक फोनवरच्या ट्यूनरमध्ये बघून बोट ठेवायची. एका चालीत आजोबांचा गंधार ऐकून ती थांबली आणि म्हणाली, हा स्वर चुकीचा आहे, ट्यूनर लाल दाखवतोय. आजोबांनी फोन उचलून ब्रेडच्या डब्यावर पालथा ठेवला. पुन्हा वाजवलं. तो गंधार ना कोमल होता ना शुद्ध, मधे कुठेतरी होता, आणि दर आवर्तनात तिथेच होता. या भागातल्या जुन्या वादकांचा तो स्वर असाच. इथले काही बॅन्जो मुद्दाम बिनपडद्याचे असतात, म्हणजे तो स्वर त्यांनाही धरता येतो. मी लेकीला म्हटलं, "आपल्याकडे प्रत्येक रागाचा गंधार वेगळा असतो. तो कानानं शोधायचा असतो." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हे इतकी वर्षं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं.

त्याच रात्री मी कपाटातून केस काढली. गजाचे केस सैल पडून किडीनं खाल्ले होते, घोडी आडवी झाली होती. दुरुस्तीला तीन आठवडे लागले.

मला खुर्चीवर बसून वाजवता येत नाही. कधी शिकलेच नाही. पहिल्यांदा गोलात बसले तेव्हा दोन चाली कशाबशा काढल्या, मग आजोबांना विचारलं, मी खाली बसू का? ते म्हणाले, "जसं वाजतं तसं बस." मी मांडी घातली, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलं आणि डोळे मिटले. चाल संपल्यावर डोळे उघडले तर एक बॅन्जोवाले गृहस्थ खुर्ची सोडून माझ्या शेजारी जमिनीवर बसले होते, माझा डावा हात नीट दिसावा म्हणून. ते सत्तरीचे. उठताना आम्ही दोघांनी त्यांना हात दिला.

शिकवायची पद्धत सांगायची तर कागद नाही. आजोबा पूर्ण चाल चार-पाच वेळा वाजवतात. मग तिचे दोन भाग करतात. खालच्या तारांवरचा तो 'जाडा', वरच्या तारांवरचा 'बारीक'. जुने लोक हेच शब्द वापरतात. म्हणजे आपलं स्थायी आणि अंतरा, फक्त इथे पुष्कळदा अंतऱ्यानंच सुरुवात होते. मग एकेका भागाचा तुकडा, सहा-सात स्वरांचा. ते वाजवतात, लेक वाजवते, न थांबता, ताल न सोडता. चुकलं तर सांगत नाहीत. पुन्हा तोच तुकडा वाजवतात, इतकंच. माझे गुरुजी चुकलं की गजाचा दांडा बोटावर मारायचे. मी त्यांच्याबद्दल कृतज्ञ आहे, तरीही चुकीला असं उत्तर देता येतं हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी बघायला मिळालं. तुकडा बसला की दुसरा जोडायचा. एक चाल तासाभरात 'येते', आणि आजोबांच्या मते तीन वर्षांत 'बसते'.

त्यांची एकच तक्रार असते. तरुण पोरं येतात, बोटं विजेसारखी, इंटरनेटवरून दोनशे चाली पाठ, पण त्यांच्या वाजवण्यावर कुणाचा पाय उचलत नाही. म्हणून आधी गज. घरात एक लाकडी फळी ठेवलेली आहे. लेकीनं वाजवायचं आणि आजोबांची नात त्या फळीवर पाय आपटत नाचणार. नात थांबली की चाल बिघडली. यापेक्षा स्पष्ट परीक्षक मी पाहिलेला नाही.

शाळेतून मात्र नाराजी आली. तारा अशा वरखाली करून वाद्य खराब होईल, गजाचा हात बिघडेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही, तार चढवताना तुटू शकते. पण लेकीनं पहिल्यांदाच शांतपणे उत्तर दिलं, "माझे दोन हात आहेत. शाळेतला एक आणि शनिवारचा एक." आता ती दोन्ही सांभाळते. शाळेची केस कोपऱ्यात पडून नसते.

डोंगराच्या बाजूला शाळांमध्ये चित्र वेगळं आहे. स्पार्टा गावात २००० साली हेलन व्हाइट या समुपदेशक बाईंनी शाळेतच मुलांना फिडल, बॅन्जो, गिटार शिकवायला सुरुवात केली. शिकवणारे गावातलेच वादक, वाद्यं उसनी, शिक्षण कानानं. 'ज्युनिअर अ‍ॅपलेशियन म्युझिशियन्स' या नावानं तो उपक्रम आता कितीतरी जिल्ह्यांत चालतो. व्हाइटबाई २०१९ मध्ये गेल्या. माउंट एअरीच्या गोलात सतरा-अठरा वर्षांची जी मुलं दिसतात त्यातली बरीचशी त्या वर्गांतून आलेली.

वाटेत मेबन गाव लागतं. लेकीला एकदा त्या फाट्यावर थांबवून जो थॉम्पसन यांच्याबद्दल सांगितलं, कारण आजोबांनी तसं बजावलं होतं. थॉम्पसन १९१८चे, कृष्णवर्णीय, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केलेले. मक्याची कणसं सोलायला शेजारीपाजारी जमायचे आणि काम आटोपलं की रात्री नाच व्हायचा, त्या नाचांचं फिडल त्यांच्या घराण्यात होतं. बॅन्जो तर मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं वाद्य, भोपळ्याचं. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांचं संगीत एका यादीत आणि गोऱ्यांचं 'हिलबिली' म्हणून दुसऱ्या यादीत घातलं, आणि काळ्या फिडलवाल्यांना जागाच उरली नाही. थॉम्पसन यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, तरी ते वाजवत होते. २००५ साली रिअ‍ॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तरुण कृष्णवर्णीय वादक दर आठवड्याला त्यांच्या घरी जायला लागले. गिडन्स शेजारच्या ग्रीन्सबरोच्या, शिक्षण ऑपेराचं. त्यांच्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या बँडला पुढे ग्रॅमी मिळालं. थॉम्पसन २०१२ मध्ये वारले. ते तिघे त्या घरी गेले नसते, तर त्या चाली त्या हाताच्या वळणासकट संपल्या असत्या. माझी लेक सावळी आहे आणि गोलात बऱ्याचदा तेवढी एकटीच. ही गोष्ट तिला त्या फाट्यावर सांगायची असं आजोबांना का वाटलं, ते मला समजलं. मी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलॅक्सला गेलो. व्हर्जिनियातलं हे छोटं गाव, १९३५ सालापासून तिथे फेल्ट्स पार्कमध्ये फिडलवाल्यांचा मेळावा भरतो. मूस लॉज ही तिथली संस्था तो भरवते. स्टेजवर स्पर्धा असतात, पण खरं वाजवणं तंबूंत आणि गाड्यांच्या मधल्या जागेत, पहाटेपर्यंत. लेकीनं मुलांच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. पाळीच्या तासभर आधी दुसरी तार ईवर चढवताना तटकन तुटली. शेजारच्या तंबूतल्या अनोळखी माणसानं नवी तार दिली, लावूनही दिली, पण नवी तार ताणली जाते, सुरात राहत नाही. आजोबांनी आपलं फिडल तिच्या हातात दिलं.

त्या फिडलच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचं खुळखुळं आहे. इथल्या जुन्या वादकांची ती रीत. कुणी म्हणतं उंदीर-कोळी आत शिरत नाहीत, कुणी म्हणतं आवाज सुधारतो. घोडीच्या खाली राळेची पांढरी पूड इतकी साचलेली की लाकूड दिसत नाही; आजोबा ती पुसू देत नाहीत. लेक स्टेजकडे निघाली तेव्हा दर पावलाला ते खुळखुळं वाजत होतं. तिला बक्षीस मिळालं नाही. तिनं फळीवरची चाल वाजवली आणि समोर गवतावर दोन म्हाताऱ्या बायका उठून नाचल्या, हे ती अजून सांगते.

रात्री तंबूबाहेर गोल जमला. मी खाली घोंगडीवर. ज्यानं चाल सुरू केली त्यानंच ती थांबवायची असा इथला नियम, आणि थांबवायची खूण म्हणजे शेवटच्या आवर्तनात पाय उचलून धरायचा. आजोबा लेकीला म्हणाले, "आता तू काढ." तिनं चाल सुरू केली. सगळे आत आले, फिडल, बॅन्जो, माझं व्हायोलिन, मागून बेस. दहा आवर्तनं झाली. पंधरा झाली. लेकीचे डोळे मिटलेले. गिटारवाल्यानं आजोबांकडे बघितलं, आजोबांनी मान हलवली, वाजव. शेजारच्या तंबूतून दोघे येऊन उभे राहिले, त्यांनीही वाद्यं काढली. माझा उजवा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. शेवटी आजोबांनी गजाचं टोक खाली नेऊन तिच्या बुटावर हलकंच टेकवलं. तिनं डोळे उघडले, पायाकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि पाय जमिनीवरच ठेवून आणखी एक आवर्तन सुरू केलं.